जुलैचं टोक

१२ एप्रिल २००७, गुरुवार

आज कॉम्प्युटर उचलून सावित्री नदीत फेकायचा तेवढा बाकी राहिला.

ही डायरी मी मराठीत लिहिते त्याचं कारण साधं आहे. अम्मीला उर्दू वाचता येतं, मराठी येत नाही, आणि या घरात एक तरी जागा अशी हवी जिथे मला आवाज चढवता येईल. बाहेर चढवला की सगळा मोहल्ला म्हणतो, सकिनाची पोरगी जास्त शिकली, म्हणून डोकं फिरलं.

प्रकरण असं. माळकोंड हे गाव उमरठच्या पुढे, कुडपणच्या वाटेवर. मध्ये शाळा, शाळेच्या पश्चिमेला गोठणवाडी, दक्षिणेला आंबेवाडी. आंबेवाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडली आहे. मी स्वतः हात घालून पाहिलाय, कोपरापर्यंत जातो. भूगर्भवाले साहेब येऊन, नकाशावर लाल खूण करून सांगून गेले की गोठणवाडीला भीती नाही, आंबेवाडी मात्र पावसाआधी हलवा. आमच्या संस्थेने वर माळावर पत्र्याच्या शेड उभ्या केल्या. झालं. वाडी जागची हलायला तयार नाही. 'बघू', 'पाऊस तर येऊ दे', 'आमचे आजे-पणजे इथंच राहिले'. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत याच भागात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय आणि तरी हे 'बघू'. त्या जुलैबद्दल मी इथे लिहिणार नाही असं ठरवलं आहे.

आता चंदन सर, म्हणजे आमच्या महाडच्या ऑफिसचे प्रमुख, म्हणतात की लोकांना आकडे कळत नाहीत, त्यांना चित्र दाखवा. कोणत्या महिन्यात किती पाऊस पडतो, किती माती-दगड खाली येतात, याच्या नोंदी माझ्याकडे आहेत. ऑफिसात संख्याशास्त्र शिकलेली मी एकटी, म्हणून हे माझ्या गळ्यात. साधा उभ्या पट्ट्यांचा आलेख मी चहा गार व्हायच्या आत काढून दिला असता. पण सरांनी पुण्याच्या कुठल्याशा परिषदेत गोल आलेख पाहिलाय. "वर्ष गोल असतं ना अम्बरीन, मग आलेखही गोल हवा."

ते चुकीचं बोलत नाहीत, याचाच जास्त राग आला. डिसेंबर आणि जानेवारी शेजारी असतात, पट्ट्यांच्या आलेखात ते दोन टोकांना जातात. गोल आलेखात मध्यापासून प्रत्येक महिन्याकडे एक काडी निघते, जास्त पाऊस तर लांब काडी. 'आर' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये याचं तयार फंक्शन आहे. काड्या झकास आल्या. महिन्यांची नावं मराठीत टाकली, तर नावांच्या जागी बारा रिकामे चौकोन. फाँट बदलला, चौकोन. दुसरा टाकला, मोठे चौकोन. मग भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली.

१६ एप्रिल, सोमवार

सरांचा निकाल: नावं काढून टाका, तुम्ही तोंडी सांगणारच आहात.

वर म्हणतात, काड्यांऐवजी पाकळ्या करा, भरलेल्या, रंगीत, फुलासारख्या. मी सांगितलं, सर, दुप्पट लांबीची पाकळी चौपट फुगते, डोळा फसतो. म्हणाले, डोळा जरा फसला तर चालेल, लोक घाबरायलाच हवेत. मी काड्या काड्याच ठेवल्या. फक्त जुलैची काडी लाल केली, कारण त्यावर ते अडूनच बसले होते. "लाल लोकांना कळतो."

माझ्या पदवीचा उपयोग लाल रंग कुठे भरायचा हे ठरवायला होतो आहे.

२० एप्रिल, शुक्रवार

आज माळकोंडला सभा. सकाळी मुजम्मिलभाईंच्या जीपने वर गेलो. मुजम्मिलभाई संस्थेचे ड्रायव्हर, वीस वर्षं कुवेतला ट्रक चालवून आलेले. रस्ताभर ते तिथले सपाट रस्ते आठवतात आणि मला चक्कर येते.

शाळेच्या पडवीत दोन्ही वाड्यांचे लोक आले होते. तरणी माणसं मुंबईला, त्यामुळे सगळी पिकली डोकी. आंबेवाडीत रायबा तात्यांचा शब्द चालतो. सत्तरीचे असतील, सहा म्हशी, आणि कोणाचं ऐकायचं नाही ही सवय. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, जमिनीवर अंथरला, डोंगराकडे पाहून जरा फिरवला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. सगळे उकिडवे बसून बघायला लागले. इतकी शांतता मी कधी वर्गातही पाहिली नव्हती.

मी समजावलं. प्रत्येक रेघ म्हणजे किती पाऊस, किती माती. लाल रेघ सगळ्यात लांब. "इथे सगळ्यात जास्त धोका," म्हणून मी लाल टोकावर बोट ठेवलं. गोठणवाडीच्या चांगूने विचारलं, "इथं? नक्की?" मी म्हटलं, नऊ वर्षांच्या नोंदी आहेत, शंकाच नको. त्याचा चेहरा उतरला. एखाद्याचा चेहरा आकड्यांमुळे उतरलेला पाहून मला बरं वाटलं, हे कबूल करते.

रायबा तात्यांच्या बायकोने, धोंडूबाईंनी, एकेका रेघेवर बोट ठेवून मोजलं. "बारा हायती गो?"

"हो काकी, बारा."

"बारा," म्हणाल्या, आणि गुरांना पाणी दाखवायला उठून गेल्या. एवढं महत्त्वाचं चाललं असताना त्यांना गुरांचं पाणी सुचलं!

पण एकंदरीत सभा चांगली झाली. सरांना फोन करून तसं सांगितलं.

२५ एप्रिल, बुधवार

चांगली झाली म्हणे. माझंच डोकं फोडून घ्यावंसं वाटतं.

मुजम्मिलभाई पत्रे पोचवायला वर गेले होते. परत आले ते हसतच. "अम्बरीन, तुझ्या कागदानं काम केलं. वाडी हलली."

मी खुर्चीतून उठलेच. "आंबेवाडी?"

"नाय गो, गोठणवाडी. चांगूनं घराची कौलं उतरवलीन. आंबेवाडीवाले खुशीत हायत. रायबा बोलला, आधीचा साहेब चुकला होता, कॉम्प्युटरनं बरोबर काढलं. टोक तिकडं हाय, आमच्याकडं नाय."

मला आधी कळेचना. मग कळलं. कागद जमिनीवर, वरची बाजू उत्तरेला, मधला ठिपका म्हणजे शाळा. लाल टोक डावीकडे. डावीकडे गोठणवाडी. त्यांनी महिन्यांचा आलेख नकाशा म्हणून वाचला! जुलै महिना चांगूच्या घरावर जाऊन पडला!

मी ओरडले की मी महिने सांगितले होते. जुलै म्हणाले होते. सुरुवातीला एकदा तरी म्हणालेच असेन. माणसांत इतका अडाणीपणा कसा असतो? बारा रेघा दिसत नाहीत? दिशा कधी बारा असतात का? मुजम्मिलभाई म्हणाले, "तू 'इथं' बोललीस ना, बोट ठेवून. मी उभा होतो."

ज्या वाडीला काही होणार नाही ती कौलं उतरवते आहे, आणि जिच्या डोक्यावर भेग आहे ती खुशीत आहे. हे माझ्या कागदाने झालं. नाही, माझ्या कागदाने नाही, चंदन सरांच्या नावं काढून टाकण्याने.

२७ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर त्या फंक्शनची चिरफाड केली. ते पहिली रेघ उजव्या हाताला काढतं आणि घड्याळाच्या उलट फिरत जातं, शाळेत भूमितीत कोन काढायचो तसं. म्हणून जानेवारी पूर्वेला आणि जुलै बरोबर पश्चिमेला. हे कोणी ठरवलं? ज्याने ठरवलं त्याला एकदा माळकोंडच्या पडवीत आणून बसवायला हवं.

सुरुवातीचा कोन नव्वद अंशांनी वळवला, फिरण्याची दिशा उलटी केली. आता आलेख घड्याळासारखा झाला. जानेवारी बाराच्या जागी, एप्रिल तीनच्या, जुलै सहाच्या. आता माणूस कितीही ठरवून चुकीचं वाचायला बसला तरी वाचू शकणार नाही. नावं मी हाताने लिहिणार, ठळक मराठीत, सोमवारी. स्केचपेन आणायला हवं. आज पहिल्यांदा या कामात मला स्वतःचा अभिमान वाटला.

३० एप्रिल, सोमवार

स्केचपेन घेऊन ऑफिसात गेले तर टेबलावर कागद नाहीत. चंदन सरांनी शनिवारीच मुजम्मिलभाईंबरोबर वर पाठवून दिले. नावांशिवाय! मला न विचारता! "तुम्ही सुधारून ठेवलेच होते ना," म्हणतात.

मुजम्मिलभाईंनी चांगूच्या हातात कागद दिला. नवा निघाला म्हणून सांगितलं. पुन्हा जमिनीवर अंथरला, पुन्हा चार दगड. लाल टोक आता खाली. खाली म्हणजे दक्षिण. आंबेवाडी.

चांगूने त्याच दिवशी कौलं परत चढवायला घेतली. आणि आंबेवाडीत रडारड. धोंडूबाईंनी कागद उचलून रायबा तात्यांच्या पुढ्यात नेऊन धरला म्हणे. "आता बोला. कॉम्प्युटर खोटा नाय, असं तुमीच बोललात ना?" काल दुपारपर्यंत सगळी वाडी, म्हशींसकट, माळावरच्या शेडमध्ये.

मुजम्मिलभाईंनी मला पेढा दिला. मी तो टेबलावर आपटला.

२ मे, बुधवार

चंदन सरांशी भांडण. दार उघडं होतं, सगळ्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे.

मी म्हटलं, सर, तो आलेख महिन्यांचा आहे. लोक त्याला नकाशा समजून गेले आहेत. ते म्हणाले, "मग बिघडलं कुठे? हलायची होती तीच वाडी हलली ना?"

"चुकीच्या कारणाने हलली."

"अम्बरीन, पावसाळ्यात कारण वाहून जातं, माणूस राहतो. तुम्ही प्रबंध लिहीत नाही आहात."

म्हणजे मी खोटं बोलले तरी चालेल. आकडे बरोबर, आलेख बरोबर, फक्त लोकांचा समज चुकीचा आणि मी गप्प बसायचं. उद्या कोणी खरंच दिशा दाखवणारा आलेख काढला तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल? आणि मुंबईहून कोणाचा शिकलेला मुलगा सुट्टीवर आला, त्याने हसत सांगितलं की हे तर महिने आहेत, की संपलं. ऐन पावसात वाडी खाली उतरेल.

घरी आले तर अम्मी म्हणाली, "दोन साल झाली, तू कोणाशी भांडतेस गो? ज्याच्याशी भांडायचंय तो तरी समोर हाय का?" मी ताट सारून उठले. दोन वर्षांचा इथे काय संबंध?

पूनमचं नाव लिहायचं नाही ठरवलं होतं. लिहिलं गेलं. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. त्या जुलैत, दरड आली त्या रात्री, तिच्या घरी तिच्या वडिलांनी 'सकाळी बघू' म्हटलं होतं. बस.

८ मे, मंगळवार

सांगून आले.

माळावर ऊन असं की पत्र्याला हात लावला तर भाजतो. शेडमध्ये धोंडूबाई एकट्या चूल सारवत होत्या. मी म्हटलं, तात्या कुठे आहेत, त्यांना एक सांगायचंय, तो कागद दिशांचा नाही.

"चा घे आधी."

"काकी, चहा नको. तो कागद..."

"ऊन केवढं हाय. पाणी तरी पी. आईला बरं हाय ना तुझ्या?"

मी जितक्या वेळा तोंड उघडलं तितक्या वेळा त्यांनी मला काहीतरी खायला-प्यायला दिलं. एकदा तर दारातून रायबा तात्या येताना दिसले तशा त्या मुद्दाम मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "म्याडम निघाल्या," म्हणाल्या. मी निघाले नव्हते! एवढी उद्धट वागणूक मला त्या घरात पहिल्यांदाच मिळाली.

मग मी त्यांच्या खांद्यावरून मोठ्याने सांगितलंच. तात्या, त्या रेघा म्हणजे महिने आहेत. लाल रेघ म्हणजे जुलै, तुमची वाडी नव्हे. भेग खरी आहे, धोका खरा आहे, पण तो त्या कागदावरून दिसत नाही. तुम्ही शेडमध्येच राहा, पण खरं कारण समजून राहा.

त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं. बाकीचं ऐकलं नाही.

"म्हणजे टोक आमच्यावर नाय?"

"टोक कोणावरच नाही, तात्या. तो महिना आहे."

"मग मी या भट्टीत कशाला बसलोय? म्हशी आटल्या माज्या. पत्र्याखाली जनावर दूध देतं का?" आणि दावी सोडायलाच लागले. संध्याकाळच्या आत सगळी वाडी त्यांच्या मागून उतरली. ते गेले की वाडी जाते.

धोंडूबाई डोक्यावर भांडी घेऊन सगळ्यात शेवटी निघाल्या. माझ्यापाशी थांबल्या. "बारा म्हैने मला मोजता येत नाय, असं वाटलं तुला?" एवढंच म्हणाल्या आणि उतरायला लागल्या.

याचा अर्थ काय? माहीत होतं तर नवऱ्याला सांगितलं का नाही? मला पुढे करून स्वतः नामानिराळ्या! खरं बोलायचं काम नेहमी मीच का करायचं?

९ मे, बुधवार

मी खरं तेच सांगितलं. मी खरं तेच सांगितलं.

२५ मे, शुक्रवार

दोन आठवडे झाले, माझं आणि मुजम्मिलभाईंचं अंग उन्हाने सोललं आहे. सरांना विचारलं नाही. शाळा मध्ये धरून आठही दिशांना उतारावर लोखंडी सळ्यांच्या जोड्या ठोकल्या, एक वर, एक खाली. दोन सळ्यांमधलं अंतर टेपने मोजायचं, आणि काही दिवसांनी परत मोजायचं. उतार सरकत असेल तर अंतर वाढतं. यात न समजण्यासारखं काही नाही, मुजम्मिलभाईंनाही पहिल्या जोडीतच समजलं.

मंगळवारी वळवाचा पाऊस पडला. आज मोजलं. सात दिशांना काही नाही, टेप ओढायच्या फरकाइतकंच. आंबेवाडीच्या वर अंतर चार बोटं वाढलंय. मुजम्मिलभाईंनी टेप सोडून दिली आणि दोन पावलं मागे सरले.

तेच फंक्शन, तीच सेटिंग. उत्तर वर, घड्याळाच्या दिशेने. फक्त आता काडी म्हणजे खरोखर दिशा. आठ काड्या. सात इवल्याशा आणि दक्षिणेची एक लांब. नावं मी स्केचपेनने लिहिली: शाळा, गोठणवाडी, आंबेवाडी, ओढा. लोक गोल कागद पाहिला की त्यात गाव शोधतात ना? मग घ्या, गावच काढलंय. यात मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही.

हा आलेख मी पहिल्या दिवशी का काढला नाही, हे मला कोणी विचारू नये.

४ जून, सोमवार

घसा बसला आहे. ओरडून.

जाताना माळावर धोंडूबाई दिसल्या. शेडच्या मागे कारवीच्या काठ्या तोडून रचत होत्या, वर टाकायला पेंढा पण आणून ठेवला होता. कुडाच्या दोन भिंती उभ्या झाल्या होत्या. वाडी खाली, या वर, एवढ्या उन्हात कोणासाठी हे, अल्लाला माहीत. मी विचारलं नाही. अजून राग आहे मला त्यांचा.

रायबा तात्या अंगणात दाव्याला पीळ घालत बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. शाळा दाखवली, ओढा दाखवला, त्यांच्या घरावर जाणारी लाल काडी दाखवली. या वेळी 'इथे' म्हटलं तेव्हा खरोखर इथेच होतं.

त्यांनी कागद पाहिला. मग हसले.

"पयल्यांदा टोक तिकडं. मग इकडं. मग बोललीस, म्हैने हायत. आता परत इकडं. पोरी, तुझं चाक फिरतंय. माझं घर हाय तिथंच हाय."

"तात्या, मी स्वतः मोजलंय. मुजम्मिलभाईंना विचारा."

"तेव्हाबी तू नऊ वर्सांचं मोजलं होतंस."

मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. तुम्ही हट्टी आहात, तुम्हाला म्हशींचं दूध माणसांपेक्षा मोठं आहे, तुमच्यासारखाच एक माणूस होता, तोही अंगणात बसून बघू म्हणाला होता, सकाळी बघू म्हणाला होता, त्याच्या मुलीचं नाव पूनम होतं, तिला अजून कोणी पूर्ण बाहेर काढलेलं नाही. हे शेवटचं मी का बोलले कोण जाणे. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली.

रायबा तात्या उठले. मला वाटलं, आता हाकलणार. आत गेले आणि तांब्या घेऊन आले.

"मैतरीण होती तुझी?"

"होती."

"पाणी पी."

मी प्यायले. मग ते म्हणाले, "पण मी येणार नाय."

१९ जून, मंगळवार

पाऊस लागला आहे. घाटात जीप जात नव्हती म्हणून पाच दिवस महाडातच. ऑफिसात बसून सरांशी बोलत नाही. ते पण माझ्याशी बोलत नाहीत. परवा माझ्या टेबलावर नवीन स्केचपेनं ठेवून गेले. बारा रंगांची. टोमणा असेल.

आज मुजम्मिलभाई वर जाऊन आले. ऑफिसच्या दारातच, पाणी निथळत, सांगायला लागले.

शनिवारी सकाळी रायबा तात्या ओढ्याकडे गेले होते. धोंडूबाईंनी गोठा उघडला, सहाच्या सहा म्हशी सोडल्या आणि पावसात माळाची वाट धरली. वर कुडाचा गोठा तयार होता, पेंढ्याने शाकारलेला, पत्रा नाही. तात्या परत आले तर गोठा रिकामा. शिव्या घालत तसेच मागून चढले. धोंडूबाई नव्या गोठ्याच्या दारात बसून होत्या. "म्हशी इथंच राहतील. तुमी जावा खाली, घर सांभाळा," म्हणाल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? म्हशीला सोडून माणूस जातोय कुठं? थांबला. तो थांबला म्हणताना काल सगळी वाडी वर गेली."

आणि माझा आलेख? मी विचारलंच. मुजम्मिलभाई म्हणाले, त्या कागदात धोंडूबाईंनी तंबाखू बांधून ठेवलाय.

दोन महिने! कोन फिरवले, दिशा उलटवल्या, सळ्या ठोकल्या, अंग सोलून घेतलं, आणि शेवटी वाडी हलवली ती म्हशींनी. मला हसू यायला हवं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रागाने.

३० जुलै, सोमवार

डोंगर पडलेला नाही.

लाल काडीचा अख्खा जुलै संपत आला. पाऊस कोसळतोय, भेगेत पाणी उतरतंय, तिकडे आता कोणी जायचं नाही असं मी सांगितलंय, पण डोंगर उभा आहे आणि रायबा तात्यांचं रिकामं घरही उभं आहे. सर अहवाल लिहीत आहेत. 'आलेखाच्या साहाय्याने यशस्वी स्थलांतर' असं वाक्य त्यांनी मला तपासायला दिलं. मी ते खोडलं. त्यांनी परत लिहिलं. मी परत खोडलं. चालू आहे.

आज वर गेले होते. जीप माळाच्या तोंडाशी थांबली. रायबा तात्या डोक्यावर इरलं घेऊन चिखलातून पुढ्यातच आले.

"कुठं पडला गो तुझा डोंगर?"

"पडला नाही, तात्या. पडू पण नये."

"मग मला इथं कशाला डांबलंस? दोन म्हशी आटल्या. घरात पाणी गळत असंल. बायको ऐकत नाय. तुज्यामुळं! तुज्या त्या चाकामुळं!" मग जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या शिक्षणाचा उद्धार झाला, ऑफिसचा झाला, कॉम्प्युटर बनवणाऱ्याचा झाला. मागे गोठ्याच्या दारात धोंडूबाई काहीतरी निवडत बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

एरवी मी एकाला दोन सुनावली असती. शब्द तोंडापर्यंत आलेही होते. पण मी तिथे भिजत उभी राहिले आणि ऐकत राहिले. त्यांचा आवाज चांगला खणखणीत आहे. मधे खोकला आला, थांबले, दम घेतला आणि पुन्हा सुरू झाले. मी सळ्यांकडे न जाता तशीच जीपमध्ये येऊन बसले. ते जीपच्या बाजूने चालत, इरलं सावरत, शिव्या देतच होते.

मुजम्मिलभाईंनी गाडी सुरू केली. "काच वर घे, अम्बरीन. पाऊस पण येतोय आत."

"नको," मी म्हटलं. "खालीच असू दे. ऐकू येऊ दे मला."